ओव्हरटाइम बंद झालाय, महिन्याला आठ-दहा हजारांची जोड कशी लावावी?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमचे हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहेत. कायम नाहीत, ठेकेदाराकडून. दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला, आता शनिवारही गेला. नोकरी आहे, पण घराचा हप्ता आणि दोन मुलांची फी ओव्हरटाइम धरूनच बसवली होती. महिन्याला आठ-दहा हजारांची ओढाताण होते.

मी बी.कॉम. लग्नाआधी एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर हिशेबाचं काम केलंय. सकाळी दहा ते साडेतीन घरात कोणी नसतं. फॉल-पिको आणि परकर येतात, ब्लाउज नाही. स्वयंपाक चारचौघींसारखा. हे म्हणतात, मी संध्याकाळी डिलिव्हरी करतो. हाताशी पंधरा हजार आहेत, पण ते मोडायची इच्छा नाही.

काय करता येईल? "यूट्यूब चॅनल काढा" सोडून काहीही सांगा. :)

रस्सामंडळ

पोळ्या! डोळे मिटून पोळ्या. आणि जमत असेल तर भाकरी. हिंजवडी-वाकडला पोळी कुठेही मिळते, हातावर थापलेली ज्वारीची भाकरी शोधावी लागते.

तिसरी_घंटा

पोळ्यांचं सगळेच सांगतात, करून बघितलेलं कोणी नसतं. मी करते, म्हणून लिहिते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. कणीक, तेल, गॅस धरून एका पोळीला तीन रुपयांच्या आसपास खर्च येतो. आमच्याकडे विकली जाते आठ-दहाला. कागदावर छान दिसतं. पण शंभर पोळ्या म्हणजे मळणं, लाटणं, भाजणं, पॅकिंग, ओटा आवरणं मिळून चार तास उभं राहणं, आणि घेणाऱ्याला त्या गरम हव्या असतात, तेही संध्याकाळी साडेसातलाच, म्हणजे तुमची मुलं अभ्यासाला बसतात तेव्हा. ताई, तुमचा मोकळा वेळ दहा ते साडेतीन आहे. पोळीचा वेळ तो नाही.

त्यापेक्षा भाजणी. थालीपिठाची वर्षभर जाते, चकलीची दिवाळीच्या आधी. लोक तयार चकली घेताना दहा प्रश्न विचारतात, भाजणीला एकच विचारतात, "ताजी आहे ना?" टिकते, वेळेचं बंधन नाही, तळणीचं तेल वाया जात नाही आणि चकली मऊ पडली तर जबाबदारी तळणारीची. :D

कायद्याचंही सांगून ठेवते. खायचं काहीही विकायचं तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. माझ्यासारख्या घरगुती धंद्याला साधी नोंदणी पुरते. मी केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती. ऑनलाइन स्वतः करता येते. एजंट त्याचेच दोन-अडीच हजार मागतात. आणि धंदा म्हणून करायचं तर घरगुती लाल सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा लागतो. हे कोणी हिशेबात धरत नाही.

रस्सामंडळ

बरं बाई, हरलो. भाकरीचं तेवढं मनात ठेवा.

सेल्फस्टार्ट

दादांच्या डिलिव्हरीबद्दल. मी दिवसा हार्डवेअरच्या दुकानात असतो, संध्याकाळी सहा ते अकरा गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळीकडे उन्नीस-बीस तेच. पाच तासांत साडेचारशे-पाचशे पडतात. पाऊस असला, आयपीएलची मॅच असली तर जास्त. फिरणं साठ-सत्तर किलोमीटर. पैसे ग्राहकापर्यंतच्या अंतराचे, रिकामं परत येणं आपल्या खिशातून. गाडी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे दीड लिटर, म्हणजे दीडशेच्या वर पेट्रोल. ऑइल, टायर, ब्रेक यांचे मी किलोमीटरला पन्नास-साठ पैसे वेगळे ठेवतो. हातात राहतात तीनशेच्या आत. तासाला साठ रुपये पण नाहीत.

तरी करतो. कारण पैसे आठवड्याला येतात आणि कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण आठ तास मशिनवर उभं राहून आलेल्या माणसाने रोज करावं असं मी तरी सांगणार नाही. शनिवार-रविवार करू द्या, तेव्हा ऑर्डरपण जास्त असतात.

दोन गोष्टी आधी बघा. विमा खाजगी वापराचा असेल तर धंद्याच्या वापरात झालेल्या अपघाताचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. आणि ई-श्रम या सरकारी पोर्टलवर गिग कामगार (ॲपवरून सुटी कामं घेणारा) म्हणून नाव नोंदवा, फुकट आहे.

पाढे_पंचावन्न

सेल्फस्टार्टनी जे केलं तेच या धाग्यावर प्रत्येकाने करावं अशी विनंती. महिन्याला किती मिळतात हा प्रश्न अर्धाच आहे. खर्च वजा जाता तासाला किती सुटतात आणि ते हातात कधी पडतात, हे दोन आकडे मांडल्याशिवाय कुठल्याही जोडधंद्याबद्दल बोलू नये. हप्ता पाच तारखेला जातो. नव्वद दिवसांनी पैसे देणारं चांगलं कामसुद्धा इथे कुचकामी.

आता धागाकर्तीला. ताई, तुम्ही यादीत टॅली एका ओळीत उरकलंत आणि परकर-स्वयंपाकावर दोन वाक्यं लिहिलीत. उलट करा. तुमच्या आसपास तीस-चाळीस सदनिकांच्या लहान सोसायट्या असतीलच. त्यांना पूर्णवेळ मॅनेजर परवडत नाही. सेक्रेटरी म्हणजे कोणीतरी नोकरी करणारा गृहस्थ, रात्री जेवण झाल्यावर बिलं बनवतो आणि बायकोच्या शिव्या खातो. देखभालीची बिलं, पावत्या, थकबाकीची यादी, बँकेचा ताळमेळ एवढं महिन्याला बसवून देणारं माणूस त्यांना हवं असतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी ऑडिट, त्याआधी हिशेब पूर्ण. म्हणून एप्रिल-मेमध्ये हे लोक अगदी रडकुंडीला आलेले असतात. एका सोसायटीचे महिना तीन हजार धरले तरी तीन सोसायट्यांत तुमचं गणित सुटतं, आणि एका सोसायटीला महिन्याला दहा-बारा तासांच्या वर लागत नाहीत.

दुसरं, जीएसटी भरणारे लहान दुकानदार. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत विक्रीचं आणि २० पर्यंत कराचं भरायचं असतं. भरायचं काम त्यांचा सल्लागार करतो, पण त्याला बिलं नोंदवून कोणी द्यायची? तिथेच सगळं अडतं. तुमच्या जुन्या सीएंना एक फोन करा. अनोळखी जाहिरातींपेक्षा ज्यांनी तुमचं काम पाहिलंय ते लवकर काम देतात.

खुसखुशीत

टॅलीवाले आजकाल पैशाला पासरी आहेत हो. क्लास लावून दरवर्षी ढिगाने बाहेर पडतात.

पाढे_पंचावन्न

आहेत ना. पण सोसायटीचं चेकबुक आणि थकबाकीदारांची नावं कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न निराळा. तिथे सर्टिफिकेट बघत नाहीत, "त्या बी विंगमधल्या, ओळखीच्या" एवढंच बघतात.

सुवर्णसंधी२४

घरबसल्या रोज १५०० ते ३००० कमवा! फक्त मोबाइल हवा. हॉटेलांना रेटिंग द्यायचं, व्हिडिओ लाइक करायचे. अनुभवाची गरज नाही. [क्रमांक व दुवा काढून टाकला आहे. – संपादक]

संपादक

वरील सदस्यत्व बंद केलं आहे. प्रतिसाद मुद्दाम ठेवतोय, असे संदेश कसे दिसतात ते कळावं म्हणून.

ओसरी

बरं केलंत ठेवला ते. माझ्या मावसभावाचं लिहिते, इंजिनिअर माणूस, नोकरी गेलेली. टेलिग्रामवर पहिल्या दिवशी तीन व्हिडिओ लाइक करायला लावले आणि खरोखर दीडशे रुपये खात्यात आले. तिथेच माणूस फसतो. मग "प्रीपेड टास्क": हजार भरा, तेराशे परत. तेही आले. मग गटात घेतलं, जिथे बाकीचे सगळे आपापल्या कमाईचे फोटो टाकत होते (ते सगळे त्यांचेच). मग पाच हजार, मग वीस. स्क्रीनवर शिल्लक वाढत होती, काढायला गेलं की "आधी कर भरा". ऐंशी हजार गेले.

असं कोणाचं झालं तर लाज बाजूला ठेवून त्याच तासाला १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पळण्याआधी गोठवता आले तरच मिळायची आशा असते. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

याचाच दुसरा प्रकार त्याहून वाईट आहे. "तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला दहा हजार." करायला काही नाही, नुसतं एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं. ते खातं असल्या फसवणुकीचे पैसे फिरवायला लागतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. कॉलेजच्या पोरांना हे नक्की सांगा.

सेल्फस्टार्ट

डेटा एंट्रीवाले पण. आधी करारावर सही, मग "अचूकता ९० टक्के नाही" म्हणून वकिलाची नोटीस आणि दंड. ज्याला आपण काम करून द्यायचं तोच आधी पैसे मागतोय, तर ते काम नसतं. विषय संपला.

गिरणगाव_आउट

हे सगळं वाचताना परळचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. अवांतर वाटेल, पण लिहितोच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. वडील विणकर खात्यात. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. आणि मिटेल मिटेल म्हणूनच लोक दुसरं काही करत नव्हते. वडील रोज सकाळी तयार होऊन नाक्यावर जायचे. आईने मात्र पहिल्याच महिन्यात वाण्याची उधारी बंद केली आणि शेजारच्या खानावळीत मदतीला जायला लागली.

खानावळी आमच्याकडे आधीपासूनच होत्या. गावाहून एकटे आलेले गडी कामगार खोलीखोलीत जेवायचे, बायका त्यांना रांधून घालायच्या. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, बँकेचं कर्ज मिळवून देत सावकारापासून सोडवलं होतं. पण गंमत बघा, संपात जेवणाराच गावी गेला किंवा कफल्लक झाला. ज्या बायकांची गिऱ्हाइकं फक्त गिरणीतली होती त्या कोलमडल्या. ज्यांनी कचेऱ्यांत डबे द्यायला सुरुवात केली त्या तरल्या.

ताईंच्या बाबतीत म्हणून सांगतो, सगळी गिऱ्हाइकं चाकणच्या कारखान्यांवरच जगणारी शोधू नका. तिथे मंदी आली की तुमचा नवरा आणि तुमचं गिऱ्हाईक, दोघांचा ओव्हरटाइम एकाच दिवशी बंद होतो.

पाढे_पंचावन्न

हे अवांतर अजिबात नाही. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

डाळिंबवाला

आम्ही सांगोल्याकडचे. आमच्याकडं सोसायट्या बी नाहीत आन टॅली बी नाही. आजी सांगायची बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याचं, सुकडी खाल्ल्याचं. वि. स. पाग्यांची रोजगार हमी तवाची. राज्याचा कायदा १९७७ चा, दिल्लीचा २००५ ला आला.

आता जोडधंदा म्हणाल तर बागंची छाटणी करणारी टोळी. शिकलेला हात असंल तर उक्तं घेत्यात, रोजावर नाही, आन उक्त्यात दीडपट सुटतं. बायकांच्या टोळ्या विरळणीला. आन शेळ्या. उस्मानाबादी शेळी, गाभण गेली की पाच महिन्यांनी विते, बऱ्याच वेळा जुळी. बोकड मात्र बकरी ईदच्या हिशेबानं वाढवायचा, मधी आधी विकला तर खाटीक म्हणंल तो भाव. चार शेळ्यांच्या वर गेलं की चारा इकत आला आन धंदा बसला, हे ध्यानात ठेवा.

मध्यांतर

मी शाळेत शिक्षिका आहे, संध्याकाळी चार मुलं शिकवणीला घेतली तर चालेल का? पगार वेळेवर होत नाही.

ओसरी

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकांना खाजगी शिकवण्यांना सरळ मनाई आहे. कोणीतरी तक्रार करतंच, बहुतेक वेळा स्टाफरूममधलंच. घरातल्या दुसऱ्या पदवीधर माणसाने शिकवण्या घेतल्या तर गोष्ट वेगळी. पण त्यांनीच घ्यायला हव्यात, नुसत्या त्यांच्या नावावर नव्हे.

जर्सीगाय

नियमांचं निघालंच आहे म्हणून इकडचं. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्यांनी कितीही चणचण असली तरी टॅक्सी, डिलिव्हरी, दिवाळीचा फराळ विकणं यातलं काहीही करू नये. व्हिसा ज्या कंपनीने काढला तिचंच काम. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, ते नवी नोकरी शोधण्यात घालवायचे. आमच्या मंडळात फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आहेत, पण त्या ग्रीन कार्डवाल्या किंवा नागरिक. इतरांनी त्यांचं बघून उडी मारू नये.

इंद्रायणीकाठ

किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रगती सांगते. जुन्या सीए सरांना फोन केला. ते म्हणाले, दोन दुकानदारांची बिलं नोंदवायला पाठवतो. आमच्या सोसायटीत विचारलं तर चेअरमन काकांनी आनंदाने कागदांची पिशवीच हातात दिली. अडचण अशी की पैशाचं बोलणं झालंच नाही. त्यांनी विचारलं नाही आणि माझ्या तोंडून निघेना. वर काकू म्हणाल्या, "अगं घरचंच काम आहे." आता काय करू?

आणि ह्यांना ते आवडलेलंही नाही. डिलिव्हरी दुसऱ्या भागात करीन म्हणतात, आपल्या भागात कोणी बघायला नको. माझं काम मात्र बिल्डिंगमध्येच सगळ्यांना कळणार.

तिसरी_घंटा

हे सगळ्यात अवघड, पोळ्या लाटण्यापेक्षाही. आपल्याकडे कामाला लाज नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण कामाचे पैसे मागायची भयंकर लाज असते. मी पहिली दिवाळी शेजारणींना भाजणी "चवीला" देण्यात घालवली. तोंडभरून कौतुक झालं. ऑर्डर एक नाही. दुसऱ्या वर्षी पाव किलोच्या पिशवीवर किंमत छापून आणली. तोंडाने सांगायची वेळच आली नाही, छापलेल्या आकड्याशी कोणी घासाघीस करत नाही.

तुम्ही एक कागद करा. वर "मासिक हिशेब काम", खाली काय काय करणार ते, काय नाही करणार तेही (वसुलीसाठी दारोदार जाणार नाही हे नक्की लिहा), आणि रक्कम. चेअरमनना द्या आणि म्हणा, "काका, कमिटीच्या सभेत ठेवाल का?" म्हणजे पैसे तुम्ही काकांकडे मागितले नाहीत, कमिटीने मंजूर केले. त्यांचीही सुटका. सोसायटीचा पैसा आहे, काकूंच्या घरचा नाही.

पाढे_पंचावन्न

अनुमोदन. एक भर. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे, हेही कागदावर लिहा. शिवाय तुमचे किंवा यजमानांचे सोसायटीत काही देणं असेल तर आधी भरा. थकबाकीदार हिशेबनीस कोणाला नको असतो.

दर ठरवताना कमी सांगून काम मिळवू नका. पहिला आकडा वर्षभर चिकटतो. आणि ही कमाई विवरणपत्रात दाखवा. एवढ्या रकमेवर कर बसणार नाही, पण उद्या कर्ज घ्यायचं झालं तर बँकेला दाखवायला कागद राहतो. लहान धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणीही करून टाका, ती मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं एजंटांची.

गिरणगाव_आउट

यजमानांचं थोडं समजून घ्या. ओव्हरटाइम गेलेला माणूस घरी लवकर येतो तेव्हा त्याला स्वतःचंच ओझं वाटतं. आईच्या खानावळीबद्दल वडील सहा महिने बोलले नव्हते. मग एक दिवस न सांगता मंडईतून भाजी आणून द्यायला लागले. तुमच्या दुकानदारांची बिलं आणायला-पोचवायला गाडी लागेलच. बघा विचारून.

सेल्फस्टार्ट

दादांना सांगा, हेल्मेट घातलं की सासरापण ओळखत नाही.

खुसखुशीत

:D

उंबरठा_ओलांडा

एक पर्याय कोणीच सांगितला नाही. पोस्टाच्या आरडीची (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या खात्याची) एजन्सी, महिला प्रधान वाली. फक्त महिलांनाच मिळते. जमा रकमेवर ४ टक्के कमिशन. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अल्पबचत शाखेत. माझ्या सासूबाईंनी घेतली होती, आता मी चालवते.

मध्यांतर

याने खरंच महिन्याला काही सुटतं? आणि लोक अजून पोस्टात टाकतात?

उंबरठा_ओलांडा

टाकतात. पगारदार कमी, पण भाजीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, पार्लरवाल्या टाकतात. कारण कोणीतरी दारात येऊन घेऊन जातं. महिन्याला लाखभर गोळा झाले तर चार हजार. पन्नास घरं, सरासरी दोन हजार. हे पहिल्या महिन्यात होत नाही, मला पन्नासावर जायला बराच काळ लागला. म्हणून हप्ता तुंबलेल्याने यावर विसंबू नये, दुसरं काही चालू असताना बाजूला वाढवत न्यावं.

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेल्या खात्याचा हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, नंतर उघडलेल्याचा महिनाअखेरपर्यंत. मी सगळी नवी खाती दुसऱ्या पंधरवड्यात उघडते, कारण लोकांच्या हातात पैसे दहा तारखेनंतर येतात. यादी एजंटच्या पोर्टलवर करायची, पोस्टात भरायची. रोख घेतली की तिथल्या तिथे कार्डावर नोंद आणि सही, कितीही घाई असली तरी. आणि ग्राहकाला मी स्वतःच सांगते की अधूनमधून पासबुक पोस्टात नेऊन भरून आण.

अर्जाला जाताना ओळखपत्र, पॅन, फोटो न्या. बाकी कागद काय लागतील ते त्या शाखेतच विचारा, मंगळवारी-बुधवारी गेलात तर गर्दी कमी असते. निदान आमच्याकडे तरी.